सातेरीचा वाटा

सातेरीच्या अंगावर ओढलेली नखाची रेघ आठ दिवस झाले तरी भरली नव्हती.

आंबेरखोलच्या देवळात मूर्ती नाही. गाभाऱ्यात आहे ते पुरुषभर उंचीचं वारूळ, आणि तीच देवी. तिला लुगडं नेसवतात, चांदीचा मुखवटा चढवतात, पण आत वाळवी नांदते आहे तोवरच ती देवी, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. शांताराम गुरव दर सोमवारी पूजा आटोपली की वारुळाच्या मागच्या अंगाला नखाने बोटभर रेघ ओढायचे. मंगळवारी सकाळी ती ओल्या मातीने बुजलेली असायची. त्यांच्या वडिलांनी हेच केलं होतं, आजोबांनीही. देवीची नाडी बघणं म्हणा हवं तर.

"वैजू, हात लावन बघ," शांताराम म्हणाले. सत्तरीचा माणूस, पण लहान मुलासारखा तिच्या तोंडाकडे बघत होता.

देवळाचं सुतारकाम करणाऱ्या वैजयंती मेस्त्रीने बोट फिरवलं. कोरडी माती बोटाला लागली.

"लोक काय म्हणतत ठावक आसा मां? गुरवान सोवळा पाळूक नाय, म्हणान देवी रुसली. रविवारी कौल लावतले. कौल माज्या विरोधात पडलो, तर पूजा गेली हातातली."

"देवी रुसाक ती काय नवी सून आसा?" वैजयंती फटकन म्हणाली. बोलायला ती अशीच होती. पण शांतारामांशी बोलताना तिची नजर वारुळाच्या पायथ्याशी खिळली होती.

त्या पायथ्याशी पाच वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या हाताने चार ठोकळे पुरले होते.

मेस्त्र्यांच्या घराण्याची ती रीत होती. देवळाचा खांब बदलला की त्याच ओंडक्याचा वीतभर तुकडा कापून वारुळाजवळ पुरायचा आणि म्हणायचं, "ह्यो तुजो वाटो, त्यो माजो खांब." भाबडेपणा वाटेल, पण त्यात मोठी अक्कल होती. खांबाला काजूच्या टरफलाचं तेल चोपडलेलं, कडूजहर. वाटा मात्र कच्चा, बिनतेलाचा. वाळवीच्या तोंडाशी गोड लाकूड ठेवलं तर ती कशाला झक मारायला खांबावर चढेल? दोनशे वर्षं हा करार दोन्ही बाजूंनी पाळला गेला होता.

वैजयंतीने पिशवीतली पटाशी काढली आणि शांताराम "गो, गो, काय करतंस!" म्हणेपर्यंत जमीन उकरायला लागली. पहिला ठोकळा हाती आला. आतून पोखरलेला, मातीने भरलेला. वाटा पुरेपूर खाल्ला गेला होता. उरलेल्या सालपटाच्या कडेला मात्र फिकट निळी झाक होती.

तिने ठोकळा उजेडाकडे धरला. ती निळाई ती रोज बघत होती.

*

त्या निळाईचं नाव होतं 'कवच'. सात वर्षांपूर्वी, म्हणजे दोन हजार एक्केचाळीस साली ते बाजारात आलं, आणि लाकडाच्या धंद्यात जुनं सगळं मोडीत निघालं.

वारूळ बांधणारी वाळवी लाकूड खाते खरी, पण ते तिला नीट पचत नाही. ती वारुळाच्या पोटात बुरशीची बाग लावते. लाकडाचा चोथा त्या बागेला घालायचा, बुरशीने तो मऊ करायचा आणि मग वाळवीने तो खायचा. आपण जशी परसात भाजी लावतो तशी ही शेती चालते, आणि माणूस शेती शिकायच्या कोट्यवधी वर्षं आधीपासून चालत आली आहे. आजवरची सगळी औषधं वाळवीला मारायला बघत. कवच बनवणाऱ्यांनी बागेवर नेम धरला. त्यांनी एक सूक्ष्म जंतू घडवला. लाकडाच्या गाभ्यात तो वर्षानुवर्षं निजून राहतो. वाळवीने ते लाकूड खाल्लं, तर तिच्या पोटातून सुखरूप बागेत पोचतो, तिथल्या ओलाव्यात जागा होतो आणि बुरशी संपवतो. मग लाखोंचं वारूळ भरल्या घरात उपाशी मरतं.

अर्थात रोगराई पसरू नये म्हणून कंपनीने लाकडाला वरून एक कडू लेपही दिला होता. लेप अखंड असेल तर लाकडाला वाळवी तोंड लावत नाही, त्यामुळे जंतू लाकडातच राहतो, असं कागदोपत्री होतं. आणि जंतू कुठवर मुरला ते तपासता यावं म्हणून त्यात निळा रंग.

वैजयंतीचा कारखाना गावच्या वेशीवर. रेल्वेच्या डब्याएवढी लोखंडी टाकी, तिच्यात ओंडके भरायचे, पंपाने हवा खेचून काढायची आणि मग दाबाने कवच आत घुसवायचं. जिल्ह्यातली निम्मी नवी घरं तिच्या लाकडावर उभी होती, पन्नास वर्षांच्या हमीसकट.

आणि चूक एवढीशी होती. तिचे वडील आधी खांब कोरत, मग वाटा कापत, आणि सगळ्यात शेवटी तेल लावत. तिच्या कारखान्यात ओंडका आधी टाकीत जायचा. देवळाचे चार खांबही तसेच आधी टाकीत गेले, मग कोरले, मग त्यांना तिने कडू लेपाचे दोन हात दिले. आणि अगदी शेवटी, हात जोडून, रीतीप्रमाणे वाटा कापला. वाट्याला काही लावायचं नसतं, म्हणून लेपही लावला नाही. तो गाभ्यापर्यंत कवच प्यायलेला आहे, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. रीत पाळताना कोण डोकं चालवतं?

पाच वर्षं वाळवी तो वाटा कुरतडत होती. भक्तीने दिलेलं विष तिने शेवटच्या कणापर्यंत खाल्लं.

*

फोनवर आईचं सगळं ऐकून मैथिली दुसऱ्या दिवशी सकाळी आली, कंपनीच्या गाडीतून. वैजयंतीची एकुलती एक लेक, वय पस्तीस. पुण्याला कंपनीच्या प्रयोगशाळेत होती, आणि कडू लेपाच्या शोधात तिचं नाव होतं. ते प्रमाणपत्र वैजयंतीने कारखान्याच्या दर्शनी भिंतीवर लावलं होतं. आज त्याच्याकडे बघवत नव्हतं.

पोखरलेले ठोकळे मैथिलीने उलटसुलट करून पाहिले. मग देवळात जाऊन तिने वारुळाला सुईएवढा ध्वनिग्राहक टोचला आणि कानाला यंत्र लावलं. शांताराम आणि वैजयंती शेजारी उभे होते.

"टकटक येतेय," ती म्हणाली. "शिपाई वाळवी डोकं आपटून इशारा देते ना, तो आवाज. पण फार क्षीण. शेकडा दहाच उरल्या असतील. राणी जिवंत असावी."

"किती दिवस?" शांतारामांनी विचारलं.

"तीन आठवडे. फार तर चार."

बाहेर पायरीवर आल्यावर तिने आईचा हात धरला. "आई, हे कुणाला सांगू नकोस. लेप न लावता लाकूड जमिनीत पुरलं, म्हणजे कंपनीच्या कराराचा भंग झाला. दोष सगळा तुझ्यावर येईल. परवाना जाईल, कारखाना जाईल. देवीचं वारूळ मरतंय, एवढंच मी कंपनीला सांगितलंय. ते हुबेहूब वारूळ बनवून देतील, जांभ्याच्या चुऱ्याचं. शंभर वर्षं हलणार नाही. कुणाला फरकही कळणार नाही."

"शांतारामाक कळात. नखान रेघ वडल्यार ती भरूची नाय."

"मग त्यांना रेघ ओढू नका म्हणावं!"

वैजयंतीने हात सोडवून घेतला. "मैथिली, हंय ये. बघ."

देवळामागची राई दाखवायला तिला चार पावलंच जावं लागलं. चार वर्षांपूर्वी पडलेला किंजळीचा बुंधा जसाच्या तसा पडला होता. पाचोळा गुडघाभर साठला होता, कुजत नव्हता, नुसता वाळून कडकड वाजत होता. श्रावण चालू असूनही देवळाखालच्या झऱ्याला करंगळीएवढी धार होती. वाळवीच्या भुयारांतून कातळाखाली मुरणारं पाणी आता वरच्या वर वाहून जात होतं.

"पाच गावांतली रोयणां मेली," वैजयंती म्हणाली. वारुळाला इकडे रोयण म्हणतात. "तुजो लेप बरो आसा गो. पण दारा-खिडक्यांका लोक भोकां पाडतत, खिळे मारतत, उरलेले तुकडे परड्यात टाकतत. त्येका लेप खंय? माज्या एकट्याच्या वाट्यान काय ह्या झाला नाय. पण सातेरीचा मात्र माज्याच हातान झाला, आणि नाव शांतारामाचा जातला. माका ता सोसाचा नाय."

मैथिलीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिला त्याचा रागही आला. "मग काय करणार आहेस? कबुली देऊन वारूळ जगणार आहे का?"

या प्रश्नाचं उत्तर, गंमत अशी, तिच्या कारखान्यामागच्या कचऱ्यात उगवलं होतं.

*

दर पाच वर्षांनी कारखान्याची तपासणी होते, आणि कंपनीच्या कागदावर मैथिली आली होती तीही त्याच कामाला. संध्याकाळी ती वही घेऊन मागच्या आवारात गेली आणि पाचच मिनिटांत तिची हाक आली. "आई! आई, लवकर ये!"

कवच पाजलेल्या ओंडक्यांचे तुकडे, फळ्यांची टोकं, भुसा, असा पाच वर्षांचा ढीग तिथे पडला होता. ढिगाच्या कुशीत कमरेएवढं वारूळ उभं राहिलं होतं. आणि त्याच्याभोवती पांढरीशुभ्र अळमी, म्हणजे रानातली भूछत्रं, उगवली होती, शेकड्यांनी. वारुळाच्या बागेतली बुरशी जोमात असली की श्रावणात ती अशी वर फुटते. कोकणात त्या भाजीसाठी लोक जीव टाकतात, पण गेल्या तीन वर्षांत या पंचक्रोशीत कुणी अळमी पाहिली नव्हती.

मैथिलीने वारुळाची कड फोडली. आतल्या बागेत निळी झाक होती. आणि त्या निळाईवर बुरशी खुशाल वाढत होती.

"अशक्य आहे," ती पुटपुटली. मग स्वतःशीच हसली, कारण समोर दिसणाऱ्या गोष्टीला अशक्य म्हणणं तिला शोभत नव्हतं. "इथे पाच वर्षं फक्त कवचच खायला होतं. कितीतरी बागा मेल्या असतील, त्यात एखादीच्या बुरशीत फरक झाला आणि ती तगली. आई, ही बुरशी जंतूलाच खाते आहे!"

"म्हणजे ही अळमी सातेरीच्या पोटात गेली तर?"

मैथिलीचं हसू मावळलं. तिने वही मिटली. "मला हे चोवीस तासांत कळवायला लागतं. पथक येईल, वाफेने जमीन भाजून काढेल, नमुना घेऊन जाईल."

"आणि मगे?"

"मग कवच-दोन. या बुरशीलाही मारणारं."

"आणि सातेरी?"

मैथिली मिटलेली वही पुन्हा उघडायला लागली.

"माज्या सवालाचा जबाब दी. अळमी गेली तर जगात काय?"

"जगेल," मैथिली कष्टाने म्हणाली. "कदाचित. कच्च्या लाकडाला अळमीचा लगदा लावून तोंडाशी ठेवला, तर उरलेल्या कामकरी वाळव्या तो आत नेतील आणि नवी बाग लावतील. पण तुला कळतंय का पुढे काय होईल? सातेरीच्या वारुळातून दर पावसाळ्यात पंखवाल्या उडतात, अळमीचे कण वाऱ्यावर जातात. पाच-सात वर्षांत कवच ठार निकामी. तू पन्नास वर्षांची हमी दिलेलं एकेक घर, तुझे स्वतःचे चार खांब... सगळं त्यांना पुन्हा खायला मोकळं. आयुष्यभर तू वाळवीशी लढलीस, आई."

"लढलंय. पण तिचा वाटा कधी मारूक नाय." वैजयंतीने पदर खोचला. "माजो बापूस सांगी, खांब सुताराचो, वाटो देवीचो. मी दोनय गिळूक बसलंय होतंय. घरांका काजूचा तेल लावतलंय, दर दोन वर्षांनी. हात झिजले तर झिजले. खांब खाल्ल्यानी तर दुसरे करतलंय. रोयण माका करूक येता काय?"

मग ती खाली वाकली आणि अळमी खुडायला लागली. मैथिली तिच्याकडे बघत उभी राहिली. तिने ना मदत केली, ना थांबवलं.

*

रविवारी देऊळ भरलं होतं. मुखवट्यावर कौलाच्या कळ्या चिकटवून झाल्या होत्या. डावी कळी पडली की गुरव दोषी, उजवी पडली की निर्दोष. शांताराम खाली मान घालून हात जोडून उभे होते. गावचे मानकरी गाऱ्हाणं घालायला पुढे झाले, तोच वैजयंती उठली.

"देवीक कित्याक तरास देतास? मी सांगतंय. वाटो माज्या हातचो. त्यात कवच होता. देवीक विष मी घातलंय."

एकच गलका उडाला. तिने घाईने, अडखळत, पण सगळं सांगितलं. टाकी, ओंडका, निळी झाक. कुणी ओरडलं, "मेस्त्र्यांचो मान काढून घेवा!" कुणी म्हणालं, हिला पायरी चढू देऊ नका. एक म्हातारी रडायला लागली. वैजयंती जागची हलली नाही.

"मान काढा. व्हया तर कारखानो जाळा. पण आदी शांतारामाची माफी मागा. मगे माका एक वाटो पुरूक देवा. चार दिवसांत रेघ भरली नाय, तर मी ह्या गावात दिसूचंय नाय."

"परत तुज्या हातचो वाटो?" मानकरी कडाडले. "एकदा मारलंस ता पुरे नाय?"

वैजयंती पिशवी छातीशी धरून उभी राहिली. पिशवीत सावरीच्या लाकडाचा ठोकळा होता, अळमीच्या लगद्याने माखलेला. त्याला हात घालायची तिची हिंमत होईना.

गर्दीतून मैथिली पुढे आली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं. चोवीस तास केव्हाच उलटून गेले होते, आणि तिच्या वहीतलं ते पान कोरं होतं. तिने आईच्या पिशवीतून ठोकळा काढला, तिथलीच पटाशी चालवून त्याची एक ढलपी उडवली, आणि सगळ्यांना दिसेल असं धरून उघड्या लाकडावर तपासणीच्या बाटलीतले दोन थेंब टाकले.

"रवभर जरी कवच आसात, तरी ह्या निळा होतला," ती म्हणाली. पुण्याला गेल्यापासून तिच्या तोंडून मालवणी कुणी ऐकली नव्हती. "तो लेप माजो. आवशीन खापर आपल्या डोक्यावर घेतल्यान, पण लेप भोकां पडल्यार टिकाचो नाय, ह्या माका समजूक व्हया होता. आता मोजा. शंभरापर्यंत."

कुणीतरी खरंच मोजायला लागलं. शंभर झाले. लाकूड पांढरं ते पांढरंच राहिलं.

शांताराम मानकऱ्यांना काही विचारायला गेले नाहीत. त्यांनी वारुळाच्या पायथ्याची माती स्वतःच्या हाताने उकरली आणि म्हणाले, "वैजू, ठेव."

तिने ठोकळा ठेवला. "ह्यो तुजो वाटो," ती म्हणाली, आणि 'त्यो माजो खांब' हे पुढचं तिने मुद्दाम गाळलं.

सोमवारी रेघ ओढली. मंगळवारी ती तशीच होती. बुधवारीही. देवळातली बातमी पुण्याला पोचली आणि बुधवारीच कंपनीची नोटीस आली. परवाना रद्द, मैथिली निलंबित, खुलासा द्या. कारखान्यामागची जमीन वाफेने भाजायला पथकही येऊन गेलं, पण रविवारी देवळातून निघालेल्या बायकांनी तोवर तिथली अळमी ओट्या भरभरून नेली होती आणि आपापल्या परसातल्या मरायला टेकलेल्या वारुळांवर टाकली होती. कुणी कुणाला सांगितलं, हे पथकाला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारलं तर प्रत्येकीचं एकच उत्तर, "भाजी केली आणि खाल्ली."

गुरुवारी दुपारी वैजयंती देवळात गेली तेव्हा शांताराम वारुळामागे उकिडवे बसले होते. त्यांनी वर न बघता नुसतं बोट दाखवलं. रेघ एका टोकाकडून दोन पेरं भरली होती. माती ओली होती. वैजयंतीने बोट लावलं आणि मग तेच बोट डोळ्यांना लावलं. तिथेच बसून ती घळाघळा रडली, आणि रडणं लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही.

*

दोन वर्षांनी भाद्रपदात शांतारामांनी तिला तातडीने बोलावलं. झऱ्याला मनगटाएवढी धार होती. किंजळीच्या बुंध्याची माती झाली होती आणि तिच्यात नेच्यांची रोपं उगवली होती. वैजयंती कारखान्याच्या लोखंडी टाकीत आता काजूचं तेल साठवत असे. मैथिली त्याच तेलावर काही प्रयोग करत होती. ती गावातच राहत होती आणि आईशी रोज भांडत होती.

"ह्या बघ," शांताराम म्हणाले.

मंडपाच्या डाव्या खांबावर, तिने महिनाभर खपून कोरलेल्या वेलीच्या कडेकडेने, ओल्या मातीची बोटभर रुंद वाट चढत गेली होती. लेपाला कुठेतरी चीर गेली असणार.

"पुसून टाकू काय गो? आदीच पुसल्यार थांबतली."

वैजयंतीने त्या वाटेला कान लावला. आत बारीक टकटक चालू होती. तिने कमरेची टेप काढली, खांबाचा घेर मोजला, उंची मोजली आणि मैथिलीला हाक मारून आकडे सांगितले.

"नको," ती शांतारामांना म्हणाली. "चढांदे. मी दुसरो खांब कोरूक घेतंय."